सरकार लहान करा, आमचा बांध सोडून

राज्याच्या धोरणात सुधारणा सुचवायच्या असतील तर मुंबई गाठायची गरज नाही. थंडीत यावल-रावेरकडच्या एखाद्या मळ्यात भरीत पार्टीला जा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर वांगी काळी पडायला लागली की माणसं ऐकून घेतात. पुऱ्या तळून होईपर्यंत जातील कुठे?

सुरुवात 'लाडकी बहीण'पासून करा. "महिन्याला १५०० रुपये घरबसल्या मिळाले तर कापूस वेचायला बाई येईल का?" एवढं पुरे, सगळ्यांच्या माना हलतील. वेचणीचा किलोमागे दर काय, हे कुणी विचारणार नाही, कारण विचारणारी तिकडे पुऱ्या लाटतेय. स्वतःच्या घरी कुणी अर्ज भरलाय का, ही चौकशी मात्र टाळा. चारचाकी असली की अपात्र. नियमातून ट्रॅक्टर वगळलाय, हे आपलं नशीब.

मग एसटी. बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच फुकट. "महामंडळ यानेच बुडालं!" असं ठणकावून सांगा. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं, असल्या तपशिलात शिरू नका. भरीत गार होतं.

शाळांचं सोपं आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये झालाच होता, तो पुन्हा वर काढा. नकाशावर नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातले दोन पाडे बोटभर अंतरावर दिसतात. मधे सातपुड्याची धार आणि पावसाळ्यात फुगणारा नाला असेलही, पण सातवीतल्या पोरीला तेवढा व्यायाम चांगलाच. त्याच भागात नर्मदेकाठी दवाखाना बोटीतून जातो. ती बोटही ठेक्याने देऊन टाका. रुग्ण परवडले तर फेरी, नाहीतर नाही.

नोकरभरती कंत्राटी करा, हेही सुचवा. तसा जीआर सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला आणि पुढच्याच महिन्यात रद्द झाला. फक्त बोलण्याआधी यजमानांचा मुलगा तलाठी भरतीचा अभ्यास करतोय का, तेवढं बघून घ्या. करत असेल तर कांद्याच्या पातीचा विषय काढा.

आता जपून. एखादं टवाळ पोरगं हमखास विचारतं, "नाना, मोटारीचं बिल किती येतं हो?" एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला बिल माफ आहे, आणि केळीच्या बागेचा पंप तर समोरच घरघरतोय. गडबडू नका. दुसऱ्याला मिळतं ते फुकट, आपल्याला मिळतो तो पोशिंद्याचा मान. केळीच्या पीकविम्याच्या हप्त्यातला सरकारचा वाटा? तोही मानच. पोरगं तरी थांबलं नाही, तर त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढा.

'बाजार मोकळा सोडा' हे वाक्य कापसाचा भाव हमीभावाच्या वर असतानाच उच्चारायचं. भाव खाली आला की "सीसीआयचं (सरकारी कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र का उघडलं नाही?" म्हणून तहसीलवर जायचं. त्यामुळे जेवणं उरकल्यावर सगळे हात धुवायच्या आत दोन निवेदनांवर सह्या घ्या. एकात सरकारने खर्चाला हात आखडता घ्यावा, दुसऱ्यात केंद्र तातडीने सुरू करावं. सह्या त्याच चालतील, तारखा तेवढ्या वेगळ्या टाका. आणि दोन्ही कागद एकाच पाकिटात घालू नका, मागच्या खेपेला तहसीलदार हसले होते म्हणे.