आधी साहेबांच्या हातातला माइक काढा

आमच्या सिंधुदुर्गात गावच्या जत्रेत रात्री दशावताराचं नाटक उशिरा सुरू होतं, याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. देवीची ओटी भरणाऱ्यांची रांग संपायला हवी, पालखीची प्रदक्षिणा व्हायला हवी, मानकऱ्यांचं आवरायला हवं. बारा वाजतात, कधी साडेबारा. तो देवाचा उशीर, आणि तो आम्ही मुकाट सोसतो. सोसतो काय, त्यासाठीच तर जातो. पण हल्ली त्या उशिराच्या डोक्यावर पुढाऱ्यांच्या सत्काराचा एक वेगळा उशीर येऊन बसलाय, त्यानं माझी सटकते.

पालखी देवळात गेलेली असते. नाटक कंपनीची माणसं तोंडं रंगवून तयार. गणपतीचं सोंग घेणारा पोरगा सोंड सांभाळत पेटाऱ्यावर बसलेला, पायपेटीवाल्यानं सूर धरलेला. आणि कमिटीतला एक जण माइकवर येतो, "साहेब कणकवली सोडून निघालेत, पाच मिनिटांत पोचतील." कणकवलीहून आमच्या गावात पाच मिनिटांत यायचं तर साहेबांना मारुतीच्या खांद्यावर बसूनच यावं लागेल. अर्धा तास गेला, पुन्हा माइक, पुन्हा पाच मिनिटं.

मग साहेब येतात. शाल, श्रीफळ, देवीची फ्रेम. साहेबांचा सत्कार, साहेबांच्या पीएचा सत्कार, तालुकाध्यक्षाचा सत्कार, आणि ज्याला गावात कुणी ओळखत नाही पण ज्यानं जनरेटरचं डिझेल दिलं म्हणतात, त्याचाही सत्कार. एवढं झालं की भाषण. यंदाचे विषय धर्म, निवडणूक आणि देशाची एकता. रात्रीच्या एक वाजता! दव पडतंय, बायका पोरांना मांडीवर घेऊन चटईवर बसलेल्या, कडक बुंदीचे लाडू हातातल्या हातात मऊ पडलेले. सासूबाईंनी शाल डोक्यावरून घेतली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्येचा आख्यान कधी संपतला गो?"

साहेब म्हणत होते, धर्म टिकला तर देश टिकेल, आणि धर्म टिकवणारे कोण ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता मी काही नास्तिक नाही. सोनुर्लीच्या जत्रेला उपाशीपोटी लोटांगणं घालणारी माणसं माझ्या माहेरी आहेत. आंगणेवाडीला रात्रभर रांगेत उभी राहिलेली मी बाई आहे. आमच्या देवीपुढे कौल लावल्याशिवाय घरातलं शुभकार्य ठरत नाही. पण म्हणूनच संताप होतो. आमची भक्ती साहेबांना आयती बसवलेली गर्दी वाटते. स्वतःची सभा घेतली तर खुर्च्या भरायला गाड्या पाठवाव्या लागतात, इथे देवीनं फुकट माणसं गोळा केलीत! देवीच्या दिव्यांवर, देवीच्या मांडवात, देवीच्या लेकरांची झोपमोड करून देवीचं रक्षण आपणच करतोय असं सांगायचं. आणि सभामंडपाच्या कमानीवर साहेबांचा बॅनर एवढा मोठा, की दीपमाळ त्याच्या मागे गेली. देवीचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचा.

मत द्या असं साहेब सरळ म्हणत नाहीत, पक्के आहेत. "बटण कुठलं दाबायचं ते देवीच सुचवेल," असं म्हणून हात जोडतात. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चा, त्यात कलम 123 (3) आहे, धर्माच्या नावावर मत मागणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात जणांच्या घटनापीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलं, की नुसता उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म, जात, भाषा काढूनसुद्धा मत मागता येणार नाही. आणि आमच्या कमिटीवाल्यांना तर 1988 चा एक कायदा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवा. धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचाराला द्यायची नाही. दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. तो आधी देवस्थान चालवणाऱ्याच्याच मानगुटीला बसतो. साहेब गाडीत बसून निघून जातील, अडकेल आमच्या वाडीतला खजिनदार, ज्याला साध्या वर्गणीच्या पावत्यांचा हिशेब लागत नाही.

हे मी कमिटीतल्या एका भावोजींना बोलले. ते म्हणाले, "वहिनी, साहेबांनी सभामंडपाला पत्रे दिलेत." म्हणजे पत्र्याच्या बदल्यात दरवर्षी पाऊण तास! आमच्या आजे-सासऱ्यांनी जमीन दिली देवळाला, त्यांच्या नावानं कुणी नारळसुद्धा फोडला नाही.

पण माझं टाळकं खरं फिरलं ते निवडणुकीवर. साहेब म्हणाले, देशात सारख्या निवडणुका होतात, त्यानं विकास थांबतो, म्हणून एक देश एक निवडणूक हवी. अहो साहेब, सारख्या कुठे? आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तिथून पुढे 2026 उजाडेपर्यंत प्रशासकच. पंचायत समितीतही तेच. ओबीसी आरक्षण, गटांची फेररचना, कोर्टाच्या तारखा, यात तीन वर्षं उलटून गेली. सर्वोच्च न्यायालयानं 6 मे 2025 ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. चार महिने सरले, मग 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून मिळाले. आणि तिकडे याच एक देश एक निवडणुकीसाठी नेमलेल्या कोविंद समितीचा मार्च 2024 चा अहवाल म्हणतो, आधी लोकसभा-विधानसभा एकत्र, मग 100 दिवसांत स्थानिक स्वराज्य संस्था. शंभर दिवस! इथे हजार दिवस होऊन गेले, तेव्हा का नाही कुणाला घाई झाली?

याचा अर्थ काय, ते आमच्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, येऊन बघा. वाडीतून शाळेकडे जायचा साकव, म्हणजे छोटा पूल आहे. त्याचा मधला भाग पावसात खचला, एका बाजूचा कठडा गेला. पोरं दप्तर डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूच्या पाइपाला धरून येतात. पूर्वी असं काही झालं की जिल्हा परिषद सदस्याच्या दारात चार बायका जाऊन बसायच्या. तो काही धर्मराज नव्हता, टक्का खाणाराच होता. पण पुन्हा निवडून न येण्याची भीती होती त्याला, म्हणून दोन महिन्यांत लोखंडी अँगल तरी टाकायचा. प्रशासक आल्यावर कुणाच्या दारात बसणार? अर्ज दिला की उत्तर एकच असायचं, "वर पाठवलाय." वर म्हणजे कुठे ते देवीलाच ठाऊक. आणि विकास निवडणुकांनी थांबतो म्हणे! मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, तेही काय ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनं अडवलं होतं?

एकतेवर साहेब सगळ्यात जास्त बोलले. "आपण" आणि "ते". आपण झोपलोय, ते जागे आहेत. आपण वाटले गेलोय, ते एकत्र आहेत. हे चाललं असताना स्टेजच्या कडेला स्पीकरचा माणूस वायर गुंडाळत बसला होता. आमच्या जत्रेचं लाइट-स्पीकरचं काम त्याच्या बापापासून त्यांच्याकडे आहे, घराणं मुसलमान, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातलं. पालखी निघते तेव्हा तो स्वतःहून स्पीकर बंद करून चप्पल काढून उभा राहतो, कुणी शिकवलेलं नाही. "ते, ते" करताना साहेबांचा आवाज बसला, तेव्हा पीएनं त्यालाच खुणावलं, आवाज वाढव. त्यानं वाढवला. मी त्याच्याकडे बघत होते, तो बटणाकडे बघत होता. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. साहेबांना काही झालं नाही.

बरं, "आपण" तरी एक आहोत का? दोन वाड्यांत शिमग्याच्या पालखीवरून वाद आहे, पहिला खांदा कुणाचा. प्रकरण तहसीलदारांकडे, मनाई आदेश, पालखी गेल्या शिमग्यात उंबऱ्याबाहेर पडली नाही. या वाडीत येऊन साहेब म्हणाले मान तुमचाच, त्या वाडीत जाऊन म्हणाले मान तुमचाच. दोन्हीकडे चहा प्यायले. भाषणात सावरकरांचं नाव घेतलं, जरूर घ्या. ते रत्नागिरीत स्थानबद्ध असताना 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशानं पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. नाव घेणाऱ्यानं आधी आमच्या दोन वाड्यांना एका दांडीला खांदा लावून दाखवावा, मग देश जोडायला निघावं. आणि हे फक्त या साहेबांचं नाही हं. समोरच्या पक्षाचे साहेब गेल्या खेपेला आले होते, त्यांनीही फ्रेम घेतली, त्यांनीही पाच मिनिटं मागितली.

भाषण संपलं, साहेब गणपतीचा प्रवेशसुद्धा न बघता उठले, गाड्यांचे दिवे अंगावर मारत गेले. मागोमाग अर्धे कार्यकर्ते. नाटकाला दोन वाजले. नाटकातला राक्षस संकासूर आला आणि आल्या आल्या म्हणाला, "वायच थांबा, पाच मिनटांत मरतंय." मांडव हसून फुटला. पण पुढे आख्यान कापावं लागलं, कारण पहाटे दहीकाला वेळेवर व्हायला हवा आणि कंपनीला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची रात्र. युद्धाचा प्रवेश, ज्यासाठी म्हातारी माणसं जागतात, तो दोन गिरक्यांत आटपला. सासूबाई घरी येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

आता जत्रेचा हिशेब द्यायला कमिटीची मीटिंग आहे. बायका मीटिंगला बसत नाहीत, असं भावोजींनी आधीच कळवलंय. मी बसणार आहे, शेजारच्या दोघी तयार आहेत, आणि सासूबाई म्हणतात, माका खुर्ची घेवन ठेवा. सत्कार करायचाच असेल तर दुपारी ओटी भरायच्या वेळी, रांगेत उभं राहून, माइकाशिवाय. पत्रे परत न्यायचे तर न्या म्हणावं, आम्ही झावळ्या घालू.