हनुवटीला हात लावायचा नाही

आज डोकं फिरलंय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. घरच्या कार्यक्रमात एका नातेवाइकांनी त्याला विचारलं, "काय रे, हल्ली काय वाचतोस?" तो लिफ्टबद्दल सांगायला लागला. दोर तुटला तरी लिफ्ट कोसळत का नाही, वेग वाढल्याचं गव्हर्नरला, म्हणजे वेगावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राला, कसं कळतं, मग ब्रेक रुळांना कसे घट्ट धरतात. नजर जमिनीवर, बोटांचा चाळा चालू, पण मुद्दा एकही सुटत नव्हता. आणि या गृहस्थांनी त्याची हनुवटी धरून मान वर केली. "मोठ्यांशी बोलताना डोळ्यांत बघून बोलावं."

झालं. बोलणंच बंद.

अहो, तो बोलत होता ना! तुम्हीच विचारलं होतंत ना! समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं की काय बोलायचं ते ठरवायचं, दोन्ही एका वेळी जमत नाही, असं कितीतरी ऑटिस्टिक माणसं स्वतःच सांगतात. नजर खाली होती म्हणूनच तो इतकं सुसंगत बोलत होता.

मग त्याने कान झाकले आणि डुलायला लागला. गर्दी, आवाज आणि वर परका हात. तो स्वतःला सावरत होता. तेवढ्यात माझ्या बहिणीला ऐकवलं गेलं, "फार लाडावून ठेवलंयस." १९५०-६० च्या दशकांत मोठमोठे तज्ज्ञ सांगायचे की आई कोरडी असली की मूल ऑटिस्टिक होतं. ते खोटं होतं आणि त्यात किती आया होरपळल्या. आता आई कोरडी नाही, लाड करणारी. दोष मात्र तिचाच!

हो, त्याला चार माणसांत वावरायला शिकावं लागेल. मान्य. शिकतोच आहे, रोज. तुम्ही काय शिकताय? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२ मध्येच मांडलंय की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. आपल्याकडे मात्र सगळी तडजोड त्या एकट्या पोराने करायची.

खरं तर फार काही लागत नाही हो. एका वेळी एकच प्रश्न विचारा. उत्तराला वेळ लागला तर थांबा, तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारू नका. "बघू नंतर" म्हणू नका, कधी ते सांगा. हात लावण्याआधी विचारा. रात्री मी भांडी पुसत होते, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि लिफ्टचं उरलेलं सगळं त्याने मला सांगितलं. इतकं छान समजावतो तो!

पुढच्या कार्यक्रमाच्या यजमानांशी मी बोलले आहे. गाण्यांचा आवाज कमी असेल, एक खोली त्याच्यासाठी मोकळी असेल. कोणाला यात काही खटकत असेल तर मला फोन करा. माझ्या बहिणीला नाही.