‘रेसिटाटिफ’मध्ये रंग पुसलेला नाही

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांच्या ‘रेसिटाटिफ’ या 1983 सालच्या कथेबद्दल एक मत कायम फिरत असतं. दोन मैत्रिणींपैकी काळी कोण, गोरी कोण हे लेखिकेनं सांगितलं नाही, कारण मैत्रीला रंग नसतो. आणि ज्याला हवंच आहे त्याला बारकाईनं वाचलं की कळतं. ऐकायला गोड आहे. एकाच दमात ही दोन्ही विधानं कशी करता येतात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

आधी मैत्रीचं. ट्वायला आणि रॉबर्टा, वय आठ, आई असूनही अनाथाश्रमात आलेल्या. दुसऱ्या वंशाच्या मुलीसोबत एका खोलीत टाकलं म्हणून ट्वायला सुरुवातीलाच नाक मुरडते. ‘ती’ माणसं केस धूत नाहीत, त्यांना वास येतो, हे तिला आईनं शिकवलेलं. मग रविवारी दोघींच्या आया भेटायला येतात. ट्वायलाची आई हात मिळवायला म्हणून फाटक्या अस्तराच्या खिशातून हात बाहेर काढू पाहते. भलंमोठं बायबल घेतलेली रॉबर्टाची आई तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि एक शब्द न बोलता लेकीला ओढून नेते. पुढे वेगवेगळ्या वंशांची मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसनं लांबच्या शाळेत धाडायचं ठरतं, तेव्हा या दोघी फलक घेऊन एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. रंग गौण असता तर यातलं काय शिल्लक राहिलं असतं? मॉरिसन यांनी 1992 साली स्वतःच लिहून ठेवलंय: कथनातून वंशाच्या सगळ्या खुणा काढायचा हा प्रयोग होता, आणि तोही अशा दोन पात्रांवर, ज्यांच्यासाठी वंश कळीचा आहे.

आता ‘बारकाईनं’ वाचू. रॉबर्टाची आई डब्यात कोंबडीच्या तंगड्या आणते, आणि तिकडे हे काळ्यांचं खाणं समजतात, म्हणजे काळी? रॉबर्टा पुढे दोन तरुणांबरोबर रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला गाठायला निघते. तो काळा, पण त्याच्यामागे गोरी पोरंही वेडी होती. नंतर ती कॉम्प्युटरच्या क्षेत्रातल्या पैसेवाल्या नवऱ्याची बायको होते, म्हणजे आता गोरी? समीक्षक एलिझाबेथ एबल यांनी 1993च्या लेखात सांगितलंय की त्यांना स्वतःला, म्हणजे एका गोऱ्या बाईला, ट्वायला गोरीच वाटली होती. ज्या कृष्णवर्णीय समीक्षक बाईंनी त्यांना ही कथा दाखवली, त्यांना ती काळी असल्याची खात्री होती. दोघींचं वाचन कच्चं नव्हतं, हे सांगायला नको.

मॅगीबद्दल मात्र या मतात चकार शब्द नसतो. आश्रमाच्या स्वयंपाकघरातली ही मुकी बाई बागेत पडली होती. आपण एका काळ्या म्हातारीला लाथा घातल्या, असं रॉबर्टा मोठेपणी ट्वायलाला सुनावते. ट्वायला म्हणते, ती काळी नव्हतीच. शेवटी रॉबर्टाही कबूल करते की आता आपल्यालाही खात्री नाही, आणि लाथा मोठ्या मुलींनी घातल्या. आपल्याला फक्त घालाव्याशा वाटल्या होत्या.

‘आपल्याला अमेरिकेतल्या खुणा कळत नाहीत, म्हणून आपण मराठी वाचक ही कथा निर्मळपणे वाचतो’ अशीही एक पुरवणी जोडतात. कथेतल्या फिस्क नि बेन्सन या आडनावांवरून आपल्याला काही कळत नाही, हे कबूल. पण मग आपण लगेच डब्यात काय होतं ते बघतो, आणि ही सवय अमेरिकेतून आलेली नाही.