पहिला राउटर मोठाच का घ्यावा?

"राउटर घ्यायचा तर थेट तीन हॉर्सपॉवरचा घ्या, सोबत तयार टेबल घ्या, पुन्हा काही घ्यावं लागणार नाही." घरी सुतारकाम सुरू करणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. राउटर म्हणजे बिट (धारदार पातं) वेगाने फिरवून लाकडाच्या कडा घडवणारं, खाचा काढणारं यंत्र; तो टेबलाखाली उलटा बसवला की बिट वर येतं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. नवशिक्यासाठी तो मला साफ चुकीचा वाटतो.

मोठ्या राउटरचं वजन पाच-सहा किलो भरतं. अरुंद फळीची कड गोल करताना त्याचा निम्मा तळ फळीबाहेर राहतो. हात जरा कलला की बिट कडेत घुसलंच. तेच काम दीड-दोन किलोचा ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर, निवांत करतो. कडा गोल करणं, बिजागरीची खाच, लॅमिनेटची जादा कड छाटणं, घरची बरीच कामं याच जातीची. म्हणजे मोठा घेतलेल्याला पुढे ट्रिमर घ्यावाच लागतो.

ताकद जास्त म्हणून सफाई जास्त, हेही खरं नाही. सफाई येते धारदार बिटाने आणि थोडं थोडं खोल जाण्याने. 12 मिमी खोल खाच तीन-चार फेऱ्यांत काढा, लाकूड जळणार नाही. मोठ्या राउटरची खरी गरज लागते रुंद बिटांना. 89 मिमी व्यासाचं बिट 22,000 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरवलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी 369 किलोमीटर होतो. ते 10,000 ते 12,000 वरच चालवायचं, तेही फक्त टेबलावर. वेग कमी करता येत नसेल तर हॉर्सपॉवर कितीही असो, अशा बिटाला तो राउटर नको.

आता टेबल. जाड, सपाट एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), मधे भोक आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावलेली सरळ पट्टी, एवढ्यावर सुरुवात होते. ही पट्टी म्हणजे फेन्स, लाकूड तिला टेकवून सरकवायचं. फेन्स टेबलाच्या कडेला समांतर हवा, असा आग्रह धरतात. तो टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेल्या गोल करवतीच्या) सवयीतून आलेला. राउटरचं बिट गोल फिरतं, त्यामुळे महत्त्वाचं असतं ते फेन्सचं बिटापासूनचं अंतर. एक टोक पक्कं ठेवून दुसरं केसभर सरकवलं की, बिट मधोमध असल्याने, खाच साधारण त्याच्या निम्मीच हलते. मायटर गेज (लाकूड ठरावीक कोनात धरून सरकवायचं साधन) टेबलातल्या खाचेतून चालवायचा असेल तरच समांतरपणा लागतो. तपासायचा तो सपाटपणा: राउटरच्या वजनाने फळी मधे झोळ धरते, म्हणून सरळ पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा.

तयार टेबल जास्त सुरक्षित, असंही म्हणतात. सुरक्षितता दिशेवर आहे. फेन्स बिटाच्या मागे असेल तर लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं, आणि बिट व फेन्स यांच्यामधून ते कधीही घालायचं नाही. तसं घातलं तर बिट लाकूड हातातून हिसकावून भिरकावतं, टेबल कितीही महाग असलं तरी.