नव्वद टक्के कोणाच्या नावावर?

परवा भरल्या हॉलमध्ये मला उभं करण्यात आलं. लेकीच्या कोचिंगवाल्यांनी पालकांसाठी एकाग्रतेचं शिबिर ठेवलं होतं, माणशी 499 रुपये, पोहे-जलेबीसकट. पडद्यावरच्या काळ्या ठिपक्याकडे टक लावून बसायचं होतं. नेमका तेव्हाच सिलिंडरवाला घरी आला आणि सासूबाईंचा फोन, "अगं, तो कोड मागतोय." कोड येतो माझ्याच मोबाइलवर. मी हळू आवाजात सांगितला. तर टाय लावलेला तो पंचविशीतला मुलगा माइकवरून म्हणतो, "देखिए, ये मैडम! ज़ीरो फोकस!" सगळा हॉल हसला. सिलिंडर परत गेला असता तर यांच्या ठिपक्यावर डाळ शिजणार होती का?

"ताई, मनावर घेऊ नका," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "मागच्या शिबिरात मला उभं केलं होतं. घोरत होतो."

काका रामबागेतले. रजिस्ट्री कार्यालयातून निवृत्त. नातवासाठी म्हणून इंदुरातलं एकही शिबिर सोडत नाहीत. सफारीच्या खिशाला चार रंगांचे हायलायटर आणि मांडीवर वही, जिच्यात पांढरी ओळ शोधून सापडेना.

"सगळंच रंगवलंय, मग महत्त्वाचं कुठलं?" मी विचारलं.

"पिवळं महत्त्वाचं. हिरवं अतिमहत्त्वाचं. गुलाबी म्हणजे जिथे सरांनी आवाज चढवला."

"आणि निळं?"

"निळा वाळलाय."

मग त्यांनी पिशवीतून टोमॅटो काढला. प्लॅस्टिकचा, किल्लीचा. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं असलंच टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, तेव्हापासून पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत निघाली. पद्धत वाईट नाही. काकांनी ती घरच्या सत्यनारायणाला लावली.

"चौथा अध्याय चालू होता. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याकडे धावली आणि टोमॅटो वाजला. मीही उठलो."

"पूजेवरून?"

"पाचच मिनिटं! भटजी पोथीवर बोट ठेवून बसले. हिने मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय." थोडं थांबून म्हणाले, "फोकस वाढलाय त्यामुळे."

तेवढ्यात स्टेजवरून घोषणा झाली की माणूस मेंदूचा फक्त दहा टक्केच वापर करतो. काकांचा हात वर. "सर, बाकीचे नव्वद टक्के कोणाच्या नावावर?"

"अंकल, वो अनलॉक करना है."

"म्हणजे ताबा आहे, वहिवाट नाही," काका मला म्हणाले आणि त्यांनी ते गुलाबीत रंगवलं. पुढे एकवीस दिवसांत सवय लागते हेही आलं. "मागच्या शिबिरात चाळीस होते," काका पुटपुटले, "भाव उतरला."

मला मात्र हसू येईना. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोनेक टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली वीसेक टक्के तो एकटा खातो. एवढ्या खर्चाच्या वस्तूचे नव्वद टक्के रिकामे ठेवायला शरीर म्हणजे काय सरकारी क्वार्टर आहे? एकवीस दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण. नाकाचा हिशेब आमच्या पोरांच्या फिजिक्सला लावलाय. पुढे लंडनच्या संशोधकांनी खरोखर मोजलं तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, कोणाला 18, तर कोणासाठी 254 चा अंदाज. आणि रंगवारंगवी? 2013 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात अधोरेखन तळाच्या गटात. वर आल्या दोनच: पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं आणि दिवसांचं अंतर ठेवून उजळणी करणं. आमची आजी दिवेलागणीला परवचा म्हणून घ्यायची, पाढे, पावकी, निमकी, सगळं पुस्तकाविना. तिने 499 कुठे घेतले?

पण हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि दोन मिनिटांवर हॉलचं भाडं निघत नाही. म्हणून मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पहाटे चारला उठा, घरात शांतता राखा. राखायची कोणी? पहाटे चारला उठणाऱ्याच्या हातात चहा कोण देतं, हे त्या टायवाल्याला कोणी विचारलं नाही. एका घरात एकाचा फोकस टिकवायला दुसरं कोणीतरी दिवसभर कोड सांगत असतं.

सगळ्यात राग येतो तो झोपेचा. टॉपर चारच तास झोपतात म्हणे! शिकलेलं पक्कं होतं झोपेत, हे आता शाळकरी पुस्तकातही असायला हवं. लेक ते वाक्य धरून बसलीये. रात्री दोनपर्यंत पान तेच, डोळे लाल, आणि मी बोलले की, "आई, तुला यातलं कळत नाही, सरांनी सांगितलंय."

पुढच्या रविवारी 'लेव्हल टू' आहे, 2,999 रुपये. काल काकांचा फोन आला. "ताई, जोडीने नाव दिलं तर पाचशेची सूट आहे. येताय का?"

"नातवाला न्या की."

"छे छे, त्याला अभ्यास आहे."