‘माशाला ताण नसतो, जंतू मारा’: या सल्ल्यातला एकेक दावा

मासे पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरतो: ‘मासा थंड रक्ताचा, त्याला ताणबिण काही नसतं. मासे मरतात ते बाहेरून जंतू शिरल्यामुळे. पाण्यात अँटिबायोटिक टाका, वर प्रोबायोटिक द्या, प्रश्न मिटला.’ हा सल्ला माशांच्या जिवावर बेततो, म्हणून लिहितो आहे.

‘ताण नसतो.’ असतो, आणि रक्तात मोजताही येतो. जाळ्यात धरलं, गर्दी झाली, ऑक्सिजन घटला की मेंदूचा संदेश पिट्युटरी ग्रंथीमार्गे मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात पोचतो आणि तिथल्या पेशी कॉर्टिसॉल सोडतात. माणसातही ताणाचं मुख्य संप्रेरक हेच. मला यातली जागा फार महत्त्वाची वाटते. माशांच्या हाडांत रक्त तयार करणारी मज्जा नसते. रक्तपेशी आणि प्रतिकारपेशी घडवण्याचं बरंचसं काम मूत्रपिंडाच्या याच भागात चालतं. म्हणजे ताणाचं संप्रेरक थेट प्रतिकारपेशींच्या शेजारीच पाझरतं. अल्पकाळच्या ताणात काही प्रतिकारक्रिया उलट वाढतात, हेही खरं. पण कॉर्टिसॉल दिवसेंदिवस चढलेलं राहिलं की रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) घटतात आणि अँटिबॉडी बनणं मंदावतं.

‘जंतू बाहेरूनच येतात.’ काही येतात. कोइ माशांना होणाऱ्या कोइ हर्पीस या रोगाचा विषाणू नव्या माशाबरोबर येतो, त्यासाठी नवे मासे वेगळे ठेवायलाच हवेत. पण एरोमोनास हायड्रोफिला हा रोग घडवू शकणारा जिवाणू गोड्या पाण्यात आणि धडधाकट माशाच्या आतड्यातही एरवी सापडतो. त्याला आवर घालतात आतड्यावरचा श्लेष्मा (बुळबुळीत थर), त्यातली आयजीटी ही अँटिबॉडी आणि तिथेच राहणारे निरुपद्रवी जिवाणू. एका प्रयोगात रेनबो ट्राउट जातीच्या माशांना 15 मिनिटं ताण दिल्यावर आतड्याच्या भिंतीला चिकटलेले जिवाणू कमी झाले आणि विष्ठेतले वाढले: श्लेष्मा सुटून वाहून गेला होता. भिंतीतल्या पेशींमधले सांधेही सैल पडतात. शिवाय ताणातला मासा खाणं सोडतो, त्यानेही जिवाणूंची वस्ती बदलते. यात ताणाचा वाटा किती आणि उपासाचा किती, हे वेगळं काढणं अवघडच असतं.

‘अँटिबायोटिक टाका.’ निदान झालेल्या जिवाणूजन्य रोगात ते लागतं. अंदाजाने ओतलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि बायोफिल्टरमध्ये (जिवाणूंच्या मदतीने पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीत) माशांच्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही मरू शकतात. मग अमोनिया साचतो आणि ताणात भरच पडते.

‘प्रोबायोटिक द्या.’ म्हणजे उपयोगी जिवाणू मुद्दाम द्या. बॅसिलस या जिवाणूचे काही प्रकार प्रयोगांत उपयोगी ठरले आहेत. गर्दी तशीच ठेवून मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मासे मरू लागले की आधी पहाटेचा ऑक्सिजन मोजा, कारण तळ्यात तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. 10 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यानंतर अमोनिया तपासा, दाटी कमी करा, आणि पकडणी, प्रतवारी, वाहतूक लागोपाठ उरकू नका.