रेकी मास्टर व्हायचंय? मग आधी गोष्ट पाठ करा

भाऊ, यंदा पण कापसाला भाव नाही अन सोयाबीन पावसात काळं पडलं, तर उगाच डोक्याला हात लावून बसू नका, तेच हात दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवा अन म्हणा, हातातून ऊर्जा सोडून बरं करतो. यालाच रेकी म्हणतात, लय चालते.

पण हाताआधी गोष्ट लागते. आपली आजी नजर उतरवते ते फुकटात, मीठ-मिरच्या पण घरच्याच, म्हणून तिला कोणी मास्टर म्हणत नाही. तुम्ही जपानपासून सुरू करा. रेकी काढणारा मिकाओ उसुई, १९२२ साल, क्योटोजवळचा कुरामा डोंगर, २१ दिवस उपास अन मग साक्षात्कार. उपास म्हटला की आपल्या लोकांना लगेच पटते. तो १९२६ मध्ये वारला, मग त्याचा शिष्य हायाशी, नौदलातला डॉक्टर, अन त्याच्याकडून शिकली हवाईची हवायो ताकाता. खरी गुरुमाउली हीच बरं का! तिनं अमेरिकेत सांगितलं की उसुई ख्रिस्ती होता, शिकागो विद्यापीठात शिकला. विद्यापीठाच्या दप्तरात नाव काही सापडलं नाही, पण गिऱ्हाईक पाहून गोष्ट कशी फिरवायची ते शिका. मास्टर व्हायची फी १०,००० डॉलर, अन १९८० मध्ये जाईपर्यंत २२ मास्टर तयार. हिशोब तुम्हीच करा, पाणी पिऊन.

आता काम. पेशंटला बाजेवर नाही, टेबलवर झोपवा. हात डोळ्यांवर, मग गळ्यावर, छातीवर, पोटावर, काही मिनिटं नुसते ठेवायचे. चोळायचं नाही, नाहीतर लोक मालिशवाला म्हणतील. मे महिन्यात ४५ डिग्रीत हात गरम लागतातच, पेशंट आपणच म्हणते, "ऊर्जा आली बाप्पा!" तुम्ही फक्त मान हलवा. ही ऊर्जा आजवर कुठल्या यंत्रात सापडली नाही, म्हणजे कमी भरली असं पण कोणी म्हणू शकत नाही.

फक्त शाळेतल्या पोरांना आत घेऊ नका. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या पोरीनं, रेकीच्याच भाऊबंदातल्या थेरप्युटिक टचवाल्या, म्हणजे हाताला माणसाची ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या, २१ जणांना पडद्याआडून हात काढायला लावले अन विचारलं, माझा हात तुमच्या कोणत्या हाताजवळ आहे. बरोबर उत्तरं ४४ टक्के, नाणं उडवलं असतं तरी जास्त जमलं असतं. १९९८ मध्ये डॉक्टर लोकांच्या मासिकात छापून आलं ते.

भिंतीवर उसुईचं तत्त्व लावा, 'आजच्या दिवस काळजी करू नको'. बँकेची नोटीस खिशात असलेल्या माणसाला हे वाचून दाखवताना चेहरा सिरीयस ठेवायचा, प्रॅक्टिस लागते.

अन पेशंटची शुगर वाढलीच तर घाबरू नका, सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवा. तिथून बरा होऊन आला की सांगा, दुसऱ्या लेव्हलची रेकी दुरूनच जाते, रोज पाठवत होतो, त्याचे वेगळे द्या.